चोपडा-भुसावळात बसून हे 'विचित्र' संगीत शोधता कुठून आणि ऐकवता कोणाला?

तापीकाठ
मंडळी, थेट विचारतो. ड्रोन (एकच सूर लांबच लांब धरून ठेवलेलं), नॉईज (नुसता गोंगाट), टेपचे तुकडे जोडून केलेलं, नुसत्या बाजारातल्या नाहीतर कारखान्यातल्या आवाजांचं, असलं काही ऐकणारं इथे आहे का कोणी? मी चोपड्याचा. पुण्या-मुंबईत निदान कुठल्यातरी कॅफेत पंधरा-वीस डोकी जमतात, आपल्याकडे जे काय ते मोबाईल आणि मी. आणि मोबाईलचं असं आहे की एलियान रादीग या फ्रेंच बाईंचा एखादा तासाभराचा ड्रोनचा तुकडा ऐकला की पुढचे आठ दिवस 'गाढ झोपेसाठी पावसाचा आवाज, दहा तास' हेच समोर येत राहतं. म्हणजे त्याच्या हिशोबात आपण निद्रानाशाचे पेशंट.

तर प्रश्न दोन. नवीन शोधता कसं? आणि सापडलं की ऐकवता कोणाला? मी मित्रांच्या ग्रुपवर एक टाकलं होतं, पहिलं उत्तर आलं 'फाईल करप्ट शे भो, परत टाक'.

शेवभाजी
पयला नंबर! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बाकी 'फाईल करप्ट शे'ला ऑफिसात मोठ्याने हसलो, साहेब बघू राहिला.

निवांत_धुळे
आहे की, मी आहे. धुळ्यात आम्ही दोघी आहोत, दुसरी माझी बहीण आणि ती नाईलाजाने ऐकते.

शोधायचं म्हणाल तर 'तुम्हाला हेही आवडेल' या भरवशावर राहू नका, तो रस्ता फिरून फिरून पावसाच्या आवाजापाशीच येतो. मी जुन्या पद्धतीने जाते, म्हणजे माणसं धरून. एखादी रेकॉर्ड आवडली की डिस्कॉग्जवर तिचं पान उघडायचं (२००० सालापासून चालू आहे ही साईट, लोक स्वतःच्या कपाटातल्या रेकॉर्डींची माहिती भरतात) आणि खाली बारीक अक्षरात कोणी वाजवलं, कोणी रेकॉर्ड केलं, कोणत्या लेबलने काढलं ते वाचायचं. नाव गाणाऱ्यापेक्षा लेबलचं लक्षात ठेवा. असलं संगीत काढणारी लेबलं म्हणजे बहुतेक एक-दोन माणसांचा घरगुती कारभार असतो, त्यांची आवड ठाम असते, त्यांचं एक पटलं की बाकीची दहा-बारा डोळे झाकून ऐकावीत.

दुसरं बँडकॅम्प. तिथे प्रत्येक अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांचे छोटे छोटे चेहरे दिसतात, लोक ते बघतच नाहीत. त्यातल्या एकावर टिचकी मारली की त्या माणसाचा अख्खा संग्रह उघडतो. लिथुआनियातला कोणीतरी, त्याने आपण घेतलेलंच टोकाचं काहीतरी घेतलंय, मग त्याने अजून काय काय घेतलं? झालं, महिन्याची सोय. तिसरं रेडिओ. न्यू जर्सीचं डब्ल्यूएफएमयू, लंडनचं एनटीएस. एनटीएसवर जुन्या कार्यक्रमांखाली गाण्यांची यादी असते, तीच माझी वही.

पाटील_मास्तर
नमस्कार. मी अमळनेरचा, निवृत्त शिक्षक, वय विचारू नका. धागा वाचून कुतूहलाने दोन-तीन गोष्टी ऐकल्या. प्रामाणिक मत लिहितो, राग नसावा.

भीमसेनजी ऐकले, कुमार ऐकले, अमळनेरच्या वाळवंटात कीर्तनं ऐकली. त्या कानांना हे संगीत म्हणून कसं पटवून द्यायचं? सूर नाही, ताल नाही, शब्द तर नाहीच नाही. त्यात ते जॉन केज नावाचे गृहस्थ, चार मिनिटं तेहतीस सेकंद वादक पियानोपाशी बसतो आणि काही वाजवत नाही, लोक टाळ्या वाजवतात. मी वर्गात पाऊल टाकलं की ही रचना रोज सादर व्हायची, ती पण पस्तीस मिनिटांची. मला कोणी रॉयल्टी दिली नाही.

तापीकाठ
मास्तर, साष्टांग दंडवत! रॉयल्टीचं बघतो.

शेवभाजी
मास्तर ऑन फायर. धाग्याचं सार्थक झालं, आता कुलूप लावा.

किराणा_आणि_भुसार
थांबा, कुलूप नका लावू. मास्तर, तुम्ही भीमसेनजींचं नाव घेतलं म्हणून लिहितो.

किराणा घराण्याचं मूळ धरायचं तर अब्दुल करीम खाँसाहेब, मिरजेचे. त्यांचे भाऊबंद अब्दुल वहीद खाँ, एकेका सुरावर ठिय्या देऊन बसणारे. या वहीद खाँचे शिष्य पंडित प्राणनाथ. हे प्राणनाथ १९७० साली अमेरिकेला गेले आणि तिथे ला माँटी यंग, मारियान झझीला आणि टेरी रायली यांनी त्यांचा गंडा बांधला. नुसते क्लास लावले नाहीत, गुरूच्या घरी राहून सेवा करायची, तंबोरे लावायचे, चहा करायचा, सगळं. ही मंडळी म्हणजे आज ज्याला ड्रोन आणि मिनिमलिझम (मोजके सूर, तेच परत परत) म्हणतात त्याचे वाडवडील. म्हणजे तुम्ही ज्याला 'सूर नाही' म्हणता ते एकाच सुराच्या पोटात किती काय आहे हे बघणं आहे, आणि ते शिकवणारा गुरू भीमसेनजींच्याच घराण्यातला.

आता लगेच 'बघा, सगळं आपल्याकडूनच गेलं' करणाऱ्यांनी जरा दमानं. रायलीचं 'इन सी' १९६४चं, गुरुजी भेटायच्या आधीचं. कागदावर ५३ छोटे तुकडे, प्रत्येक वादकाने आपल्याला वाटेल तितक्या वेळा एक तुकडा वाजवायचा आणि पुढच्यावर जायचं, किती वादक, किती वेळ, काही ठरलेलं नाही. ते त्याचं स्वतःचं डोकं.

आणि केजचं पण ऐकाच. १९४६ला अमदावादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या पाश्चात्त्य संगीत शिकायला. केजने त्यांना काउंटरपॉइंट (एकाच वेळी दोन-तीन चाली एकमेकींत गुंफायची विद्या) शिकवलं आणि बदल्यात त्यांनी त्याला आपलं संगीत. संगीत कशासाठी, या त्याच्या प्रश्नाला त्यांनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं, मन शांत आणि स्थिर करण्यासाठी. केज हे पुढे आयुष्यभर सांगत राहिला. ती न वाजवण्याची रचना १९५२ची.

पाटील_मास्तर
किराण्याचं पटलं, ही माहिती मला नव्हती, आभार. प्राणनाथांचं काही ऐकायला मिळालं तर पाठवा. केजचं पटलेलं नाही.

वांग्याचं_भरीत
आमच्याकडे हा प्रकार 'हे' ऐकतात. मे महिन्यात जळगावला पंचेचाळीसच्या वर पारा, कूलर घरघरतोय, वरून यांचं स्पीकरवर ते. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, 'हाई काय गानं शे? बंद कर ना भो, कान दुखी ग्यात.' हेडफोन नावाची वस्तू बाजारात मिळते हे सर्व नवरेमंडळींच्या माहितीसाठी.

शेवभाजी
ताई, आयडी बघून भूक लागली. हिरव्या मिरचीचं ना? काड्यांवर भाजलेलं?

वांग्याचं_भरीत
अर्थात. गॅसवर भाजणाऱ्यांनी भरिताचं नाव घेऊ नये. कळण्याची पुरी असली की झालं. आता अवांतर बस, नाहीतर धागा पाककृती विभागात हलवतील.

यार्डातला
भुसावळ. रेल्वेत आहे, कुठे ते विचारू नका.

मास्तरांना मी एक दुसरं ऐकायला सांगेन, शब्द नाहीत पण गाडी आहे. पिएर शेफेर नावाचा फ्रेंच रेडिओवरचा इंजिनियर, १९४८ साली पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात गेला आणि वाफेच्या इंजिनांचे आवाज घेऊन आला. शिट्टी, बफरांची धडक, रुळावरची खडखड. टेपरेकॉर्डर तेव्हा त्याच्या हाताशी नव्हता, सगळं तबकडीवर. तबकडीवरची खाच अशी कापायची की सुई पुढे न सरकता त्याच गोलात फिरत राहते, म्हणजे खडखडीचा एकच तुकडा परत परत. त्यातून त्याने तीनेक मिनिटांची रचना केली आणि रेडिओवर लावली. आज लग्नात डीजेवाला जो लूप मारतो त्याचं हे खापरपणजोबा.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आम्ही दिवसभर तेच ऐकतो. आपल्याकडच्या थ्री-फेज विजेच्या इंजिनांचा आवाज कधी लक्ष देऊन ऐका. गाडी सुटताना जुन्या जीटीओवाल्या (जीटीओ, आयजीबीटी हे मोटारीची वीज चालू-बंद करणारे भाग) इंजिनाचा सूर पायरी पायरीने चढतो, एक पट्टी, मग खाडकन दुसरी. नंतरच्या आयजीबीटीवाल्यात ती पायरी जवळजवळ जाते, आवाज पातळ होतो. डोळे बांधून उभं केलं तरी सांगेन कुठलं निघालं ते. रात्री यार्डात मालगाडीचे डबे जोडताना एका टोकाला धक्का बसतो आणि तो डब्याडब्यातून लांब पळत जातो, ते स्टिरिओत रेकॉर्ड केलं तर पैसे देऊन ऐकतील लोक.

शेवभाजी
म्हणजे भुसावळला दोन तास लेट गाडीची वाट बघत बसलेलं अख्खं पब्लिक अवांगार्द (काळाच्या पुढचं) आहे तर. उगाच शिव्या देत होतो.

खापरावरचा_मांडा
यार्डातला, +१००. पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडीचं, आपल्या पीजेचं, काही आहे का तुमच्याकडे? लॉकडाऊनला बंद पडली ती पडलीच, आता ब्रॉडगेज होणार म्हणतात. होईल तेव्हा होईल पण तो आवाज गेला.

यार्डातला
आहे. डब्यात बसून घेतलेलं, पहूरच्या अलीकडचं. मधे एक आजी शेंगा विकते आणि एकजण फोनवर कापसाचा भाव विचारतोय. पण त्याचं काय झालं ते पुढे लिहितो, ड्युटी आहे.

नवापूरकर
मोठी माणसं मोठं बोलू राहिली म्हणून गप्प होतो पण आता राहवत नाही. तुम्ही हे सगळं परदेशात शोधता, आमच्याकडे आदिवासी लग्नाला या. टिमली (आमचं नाचाचं संगीत) सुरू झाली की कीबोर्डवाला रात्र रात्र थांबत नाही. एकच चाल, तिला मोडतो, वाकवतो, पिच बेंडच्या चाकावर बोट ठेवून सुराला नुसता ताणत नेतो, खाली अडीचशे माणसं हातात हात घालून गोल फिरतायत. डान्ससाठी आहे म्हणून कोणी त्याला एक्सपेरिमेंटल म्हणत नाही. रेकॉर्डिंगं यूट्यूबवर ढीगभर, लाखोंनी व्ह्यूज. पण या धाग्यावरच्या विद्वानांच्या यादीत एक नाही.

आणि लग्नातला बेंजो. आपल्याला वाटतं आपलाच. तो जपानचा, ताईशोगोतो नाव, १९१२ साली नागोयाच्या मोरिता गोरोने केला. टाईपरायटरसारख्या कळा म्हणून शिकायला सोपा. आपल्याकडे आला, त्याला पिकअप लावून ॲम्प्लिफायरात घातला, कर्ण्यातून फाटलेला आवाज काढला आणि गावोगाव फिरला. त्या फाटक्या आवाजासाठी गोरे लोक हजारो रुपयांचे पेडल घेतात.

निवांत_धुळे
नवापूरकर, दंडवत. हे खरंच माझ्या यादीत नव्हतं. तुमच्या कीबोर्डवाल्यांना चरणजीत सिंग ऐकवा. मुंबईचे सिनेमातले वादक, १९८२ला त्यांनी रोलंडची तीन यंत्रं घेऊन, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा कोणी विचारलं नाही. २०१०ला एका डच माणसाने ती रेकॉर्ड परत काढली आणि जगभर बोंब, ॲसिड हाऊसचा (शिकागोचं यंत्रांवरचं नाचाचं संगीत) जनक भारतात सापडला.

किराणा_आणि_भुसार
'जनक' शब्दाला माझा आक्षेप. शिकागोच्या पोरांनी १९८७ला ते ३०३ पिळून जे केलं ते यांचं ऐकून केलं नव्हतं, त्यांना हे नावही माहीत नव्हतं. दोघांकडे एकच यंत्र होतं आणि त्या यंत्राची चाकं फिरवली की तो चिकट आवाज निघतोच. चरणजीतजींनी राग बांधायला वापरलं कारण ३०३ मधे सूर एकातून दुसऱ्यात घसरत नेता येतो, मींडेसारखा. एवढं कौतुक पुरेसं आहे, बाप कशाला लावायचा.

निवांत_धुळे
जनक मागे. बाकी मुद्दा तोच आहे ना, अठ्ठावीस वर्षं पडून होतं. तसंच अमदावादच्या एनआयडीचं (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन). १९६९ला डेव्हिड ट्यूडर (केजची न वाजवायची रचना पहिल्यांदा 'वाजवणारा' हाच, मास्तर) तिथे मूग कंपनीचा सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारं यंत्र) घेऊन आला आणि स्टुडिओ लावला. वर गीता साराभाईंचं नाव आलंच, त्या, आणि अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा यांनी त्यावर रचना केल्या. १९७२-७३च्या सुमारास सगळं थंड. टेपा संस्थेच्याच संग्रहात होत्या, पॉल पर्गास नावाच्या ब्रिटिश कलाकाराने शोधून काढल्या आणि २०२३ला अल्बम निघाला. ताप्ती लाईनने सुरत आणि तिथून अमदावाद, नंदुरबारकरांसाठी हे काही परदेश नाही. आणि आपल्याला कळलं लंडनमार्गे.

साक्रीचा_पावरीवाला
बरेच दिवस नुसतं वाचतो, आज लिहितो.

मी पिंपळनेरच्या पुढचा, कोकणी (कोकणा) आदिवासी समाजातला. पावरी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल, भोपळ्याची आणि बांबूची, डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजते. ती सांस्कृतिक कार्यक्रमात जाते, तिचे फोटो निघतात. पण वर ड्रोन ड्रोन चाललंय ते वाचून मला थाळ आठवला. काशाची थाळी, मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवलेली. त्या काडीवरून बोटं वरून खाली ओढायची, एक हात मग दुसरा, थाळी घुमायला लागते. ठोका नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. त्या घुमण्यावर कथा सांगायची, रात्रभर. सांगणारा थकला की कथा थांबते पण बोटं चालू असतात. माझ्या आजोबांचे भाऊ सांगायचे, आता गावात एकच म्हातारा बाकी आहे.

एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करून पाहिलं. घरी येऊन लावलं तर म्हाताऱ्याचा आवाज एकदम स्वच्छ आणि थाळ गायब! सुरुवातीचे दोन सेकंद ऐकू येतो, मग कोणीतरी दार लावल्यासारखा बंद, तो श्वास घ्यायला थांबला की परत थोडा येतो, परत गायब. मला वाटलं मोबाईल बिघडला.

निवांत_धुळे
मोबाईल बिघडला नाही, तो हुशारी करू राहिला होता. फोनमधला नॉईज कमी करणारा प्रोग्राम असं धरून चालतो की माणसाचा आवाज बदलत असतो आणि पंखा, मोटार, कूलर यांचा एकसारखा असतो. मग जे एकसारखं ते कचरा म्हणून काढून टाकायचं. तुमचा थाळ त्याच्या दृष्टीने पंखा. ऑनलाईन गाणं शिकवणाऱ्यांना हा त्रास माहीत आहे, व्हिडिओ कॉलवर तंबोरा असाच गुप्त होतो. अजून एक भानगड म्हणजे ऑटोमॅटिक गेन, बारीक आवाज आपोआप वर खेचतो आणि मोठा दाबतो, त्यामुळे चढउतारच मरतात.

असं रेकॉर्डिंग ॲप घ्या ज्यात प्रक्रिया न केलेला आवाज घ्यायची सोय आहे (सेटिंगमधे 'रॉ' किंवा 'अनप्रोसेस्ड' असं दिसतं, सगळ्या फोनवर चालेल असं नाही), फाईल वेव्ह ठेवा, गेन हाताने लावा. व्हॉइस नोट म्हणून तर अजिबात पाठवू नका, ती बोलण्यासाठी पिळून बारीक केलेली असते. पैसे जमत असतील तर हातातला साधा रेकॉर्डर. आणि थाळीच्या अगदी तोंडाशी नको, दोन हात लांब आणि थोडं बाजूला.

सगळं_खुलं
साक्रीवाले, एवढं मोलाचं आहे तर वाट कसली बघता? एकच म्हातारा उरलाय म्हणता. रेकॉर्ड करा आणि इंटरनेट आर्काइव्हवर टाका, फुकट आहे, १९९६पासून आहे, तुमच्या फोनपेक्षा आणि माझ्या हार्डडिस्कपेक्षा जास्त टिकेल. परवानग्या मागत बसलं की काही होत नाही. केनेथ गोल्डस्मिथने १९९६ला उबूवेब काढलं, सगळं अवांगार्द, जुन्या कविता, फिल्म, टेपा, फार कोणाला न विचारता वर चढवलं. तो विचारत बसला असता तर आपण खेड्यात बसून काय ऐकलं असतं? डोंबल.

साक्रीचा_पावरीवाला
दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण उबूवर ज्याचं टाकलं तो माणूस, नाहीतर त्याचे वारस, मेल करून 'काढा' म्हणू शकतात आणि तो काढतोही. आमच्या म्हाताऱ्याला मेल नाही. ती कथा तो केव्हाही सांगत नाही, तिची वेळ असते, आधी करायचं ते करावं लागतं. ती कोणी सकाळी दात घासताना ऐकली, किंवा कोणी तिचा तुकडा कापून खाली ठेका टाकला आणि आपल्या नावाने लावला तर त्याला कळणारसुद्धा नाही. कळलं मलाच, आणि गावात तोंड मला दाखवायचंय.

सगळं_खुलं
मान्य, पण म्हणून गेलं तर? तुम्ही कोणाला तोंड दाखवणार?

नवापूरकर
याचं उत्तर सोपं नाहीये भो. आमच्या टिमलीवाल्यांची गाणी लोक उचलतात, रिमिक्स करतात, आमचे हसून सोडून देतात कारण ते बाजारातलंच आहे. देवाचं वेगळं.

पाटील_मास्तर
इथे मला बोलण्याचा अधिकार आहे असं समजून लिहितो. आपली बहिणाई आसोद्याची, लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात ओव्या म्हणायची. त्या कागदावर उतरवल्या कोणी? मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्याच, सोपानदेवांच्या मावसभावाने. १९५१च्या डिसेंबरात ती गेली, मग सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ला पुस्तक निघालं. (त्याच वर्षी तुमचे ते केज काही वाजवत नव्हते.) उद्या कोणी परका तिच्या शेतात वही घेऊन उभा राहिला असता तर ती तोंड उघडती का? उतरवून घेणारा घरचा होता म्हणून घर हिंदकळलं नाही आणि आपल्यालाही मिळालं. साक्रीकर घरचे आहेत. काय उतरवायचं, काय नाही, ते त्यांनी आणि त्यांच्या म्हाताऱ्याने ठरवावं. 'सगळं खुलं' यांनी तोवर धीर धरावा.

सगळं_खुलं
मास्तर, धीर धरतो. पण तुमच्याच उदाहरणात कागद शेवटी छापले गेले हे पण लक्षात असू द्या.

पाटील_मास्तर
आहे लक्षात.

शेवभाजी
वातावरण तापलं म्हणून एक सोडतो. जर्मनीत हालबरश्टाट गावात केजचीच एक ऑर्गनची रचना चालू आहे, 'जमेल तितकं सावकाश वाजवा' अशी सूचना. २००१ला सुरू केली, पहिलं दीड वर्ष नुसती शांतता, ५ फेब्रुवारी २०२४ला सूर बदलला तेव्हा लोक तिकीट काढून गेले. संपणार २६४० साली. आमच्याकडच्या चौपदरीकरणाच्या ठेकेदाराला ही लिंक पाठवली, त्याला फार धीर आला.

वांग्याचं_भरीत
मेले मी हसून. ह्यांना नका सांगू, लावून ठेवतील.

यार्डातला
पीजेचं राहिलं होतं. मी ते एका साईटवर टाकलं होतं, दोन दिवसांत नोटीस, यात कोणाच्यातरी मालकीचं संगीत आहे म्हणून. झालं असं की फोनवर कापसाचा भाव विचारणाऱ्याच्या फोनची रिंग वाजली ती एका सिनेमातल्या गाण्याची, आठ सेकंद. यंत्राने ती ओळखली. आजी, शेंगा, गाडी, काही दिसलं नाही त्याला.

मग एकाने रेडिओ अपोरी सांगितलं. ते जगाच्या नकाशावर चालतं, २००६पासून. जिथे आवाज घेतला तिथे टिंब टाकायचं, तारीख लिहायची, फाईल चढवायची. गाणी, कार्यक्रम नकोतच तिथे, नुसत्या जागांचे आवाज. नाव, कव्हर, फोटो काही नाही, तुमची खडखड आणि एक टिंब. खानदेशाच्या बाजूला जाऊन बघा, किती मोकळं आहे ते. रिंगच्या आधीपर्यंतचा तुकडा कापून टाकलाय तिथे. मास्तरांच्या मुद्द्यावरून एक सांगतो, ज्या आजीचा आवाज आहे तिला मी विचारलं नव्हतं, म्हणून तिच्या हाका पण कापल्या. गाडी बिचारी तक्रार करत नाही.

खापरावरचा_मांडा
शेंगावाली कापली? मग राहिलं काय त्यात!

यार्डातला
गाडी राहिली. मला गाडीच हवी होती.

तापीकाठ
धाग्याने कुठल्या कुठे नेलं. नकाशावर जाऊन आलो, आता मला आमच्या जिनिंगचा आवाज टाकायचाय, मालक ओळखीचा आहे, विचारून. पण लोकहो, माझा दुसरा प्रश्न तसाच आहे. ऐकवता कोणाला? निवांतताईंची बहीण सोडून.

निवांत_धुळे
ग्रुपवर टाकणं बंद करा हे पहिलं. ग्रुपवर माणूस चेष्टाच करतो, कारण बाकीचे बघतायत. एका वेळी एकाच माणसाला एकच गोष्ट, आणि त्या माणसाचा धंदा बघून. वेल्डिंगवाल्या मामाला मी मेर्झबाऊ (नॉईजवाला जपानी) ऐकवला होता. म्हणाला, हा ग्राइंडर चांगला आहे पण डिस्क घासली आहे. पूर्ण ऐकलं त्याने, आपल्या विद्वान मित्रांपैकी किती जण ऐकतात? आणि 'हे फार महान आहे' लिहून पाठवू नका, समोरचा लगेच विरोधात बसतो. कितव्या मिनिटाला काय होतं तेवढं लिहा.

नवापूरकर
बरोबर. आमच्या कीबोर्डवाल्याला काल चरणजीत सिंग पाठवले. काही मत नाही दिलं, फक्त विचारलं 'मशीन कोणतं, केवढ्याला मिळंल?' मी जुन्या ३०३ची किंमत सांगितली, तेव्हापासून फोन उचलत नाहीये.

किराणा_आणि_भुसार
त्याला सांगा त्या ३०३ची नक्कल करणारी फुकट सॉफ्टवेअरं आहेत, फोनवर पण चालतात. लग्नसराईच्या आधी उचलेल फोन.

पाटील_मास्तर
यार्डातला यांनी सुचवलेली ती फ्रेंच रेल्वे ऐकली. तीन मिनिटांत संपली हे उत्तम. संगीत आहे का ते माहीत नाही, पण शिट्टी कुठे ठेवायची याचा त्याने विचार केलेला आहे, मधली शिट्टी एकदाच आणि बरोबर जागी येते. तेवढं मानतो. प्राणनाथांची लिंक अजून आलेली नाही, किराणाशेठ.

किराणा_आणि_भुसार
मास्तर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा. दरबारी आहे, आलाप लांबलचक आहे, चहा आधी घेऊन बसा.

साक्रीचा_पावरीवाला
म्हाताऱ्याशी बोललो. कथेला सरळ 'नाही' म्हणाला, माझ्यासाठी पण नाही. नुसता थाळ, कथा न सांगता, वाजवून दाखवायला काही हरकत नाही म्हणाला, पण फोन नको, त्यावरून एकदा पोरांशी कटकट झालीय. वायर लावलेलं मोठं मशीन असेल तर बघू म्हणाला, रेडिओवाले आणायचे तसं. कुठे टाकायचं ते ऐकल्यावर ठरवणार. निवांतताई, तुमच्याकडे हातातला रेकॉर्डर आहे का? असेल तर मार्गशीर्षाच्या आधी एखादा रविवार बघा. जेवायला नागलीची भाकर आणि उडदाचं बट्टं, सांगून ठेवतो.

निवांत_धुळे
आहे. येते. बहिणीला घेऊन येते, वायर ती धरेल.

शेवभाजी
नागलीची भाकर?? मी पण वायर धरतो.

यार्डातला
साक्रीला गाडी नाही म्हणजे मला सुटीचा पूर्ण दिवस घालवावा लागेल. धुळ्याहून पिंपळनेरला सकाळची पहिली एसटी किती वाजता सुटते, कोणी सांगेल का?